न बोललेला संसार : ‘चारुलता’ बघताना

आपल्या या व्याख्यानमालेत आतापर्यंत आपण पटकथा, संवाद, संकलन अशा गोष्टींबद्दल बोलत आलो. आज जरा उलट्या बाजूला जायचंय. पात्रं जे बोलत नाहीत, ते आपल्यापर्यंत पोचतं कसं, हा आजचा विषय. त्यासाठी आपण एकच चित्रपट घेणार आहोत, सत्यजित राय यांचा १९६४ सालचा ‘चारुलता’. दहा चित्रपटांची नावं घेऊन प्रत्येकाबद्दल एकेक वाक्य बोलण्यापेक्षा एकाच चित्रपटापाशी बसून नीट बघितलं, तर हाताला जास्त लागतं, असा आपला आजवरचा अनुभव आहे.

‘चारुलता’ निवडण्याचं कारण सांगतो. ही एका लग्नाची गोष्ट आहे. त्या लग्नात भांडण नाही, मारझोड नाही, सासुरवास नाही. नवरा सज्जन आहे, बायकोला मान देतो. दोघांमध्ये तिसरा माणूस येतो, पण तोही खलनायक नाही. कुणीही कुणाला प्रेमाची कबुली देत नाही. आणि तरी दोन तासांच्या आत आपल्या डोळ्यांसमोर एक संसार मोडतो. हे आपल्याला कळतं कुठून? पात्रांनी तर सांगितलेलं नाही.

आपण सहसा याचं उत्तर ‘अभिनयातून’ असं देतो. माधवी मुखर्जींचे डोळे बोलतात, असं म्हणतो आणि पुढे जातो. ते खोटं नाही. पण नुसते डोळे बोलत नसतात. त्या डोळ्यांसमोर काय ठेवलंय, ते कुणाकडे बघतायत, मधे किती अंतर आहे, हे सगळं मिळून ते ‘बोलणं’ तयार होतं. ते कसं, हे आज टप्प्याटप्प्याने बघू.

आधी गोष्ट थोडक्यात

ज्यांनी चित्रपट बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. रवींद्रनाथ ठाकूरांची ‘नष्टनीड’ ही दीर्घकथा १९०१ सालची. नष्टनीड म्हणजे मोडलेलं घरटं. राय यांनी चित्रपट बेतला तो १८७९-८० च्या कलकत्त्यात. भूपती हा श्रीमंत घरातला, शिकलेला, उदारमतवादी माणूस. त्याला राजकारणाचं वेड आहे आणि तो ‘सेंटिनेल’ नावाचं इंग्रजी वर्तमानपत्र चालवतो. छापखाना घरातच आहे. आपल्याकडे टिळक-आगरकरांच्या मंडळींनी पुण्यात इंग्रजी ‘मराठा’ आणि मराठी ‘केसरी’ सुरू केले ते १८८१ साली, म्हणजे अगदी त्याच सुमाराला. तेव्हा भूपतीसारखा माणूस आपल्याला परका वाटायचं कारण नाही. वर्तमानपत्र हे त्या पिढीचं देशकार्य होतं.

चारू ही त्याची बायको. हुशार, वाचनाची आवड असलेली. मूल नाही, घरात नोकरचाकर आहेत, म्हणजे हाताला काम नाही. भूपतीला एकदा जाणवतं की ही एकटी पडत असावी. मग तो तिच्या भावाला, उमापदला, त्याच्या बायकोसकट बोलावून घेतो. उमापदच्या हाती वर्तमानपत्राचा हिशेब आणि त्याच्या बायकोच्या, मंदाकिनीच्या, सोबतीला चारू, अशी त्याची योजना. पण मंदाकिनीचं आणि चारूचं जमण्यासारखं काही नाही. एकीला पत्ते आणि झोप, दुसरीला बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्या. मग येतो अमल, भूपतीचा आतेभाऊ. कॉलेज संपवून आलेला, कविता करणारा, गाणारा, खोडकर. भूपती त्याला सांगतो की तुझ्या वहिनीत लेखनाचा गुण आहे, तिला कळू न देता तो जरा फुलव.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवूया. चारूच्या एकटेपणावरचे दोन्ही उपाय भूपतीने स्वतः शोधले आहेत. तो बेपर्वा नाही. फक्त तो स्वतः सोडून बाकी सगळे तिच्याकडे पाठवतो.

पहिली सात मिनिटं

आता चित्रपटाची सुरुवात. श्रेयनामावली चालू असताना पडद्यावर दोन हात दिसतात. एक बाई रुमालावर भरतकाम करते आहे. अक्षर आहे इंग्रजी ‘बी’, म्हणजे भूपतीच्या नावाचं आद्याक्षर. घड्याळाचे ठोके पडतात. ती रुमाल ठेवते, नोकराला हाक मारून चहाचं सांगते. एवढंच काय ते बोलणं. त्यानंतर सुमारे सात मिनिटं जवळजवळ संवाद नाही.

ती काय करते? कपाटातून पुस्तक काढते, चाळते. बाहेरून आवाज येतो. ती एक छोटी, दांडीची दुर्बीण घेते, साहेब लोक नाटक बघायला वापरत तसली. खिडकीच्या लाकडी झडपा किंचित उघडून रस्ता बघते. माकडवाला डमरू वाजवत चाललाय. पालखी जाते. एक जाडा माणूस छत्री घेऊन चाललाय. तो दिसेनासा होऊ लागला की ती पुढच्या खोलीत धावते, तिथली झडप उघडते, पुन्हा बघते. एका खिडकीतून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. मग तेही संपतं. ती पियानोचं झाकण उचलते, एक सूर दाबते.

तेवढ्यात बुटांचा आवाज. भूपती येतो, आत जातो, पुस्तक घेऊन बाहेर येतो आणि वाचत वाचत तिच्या अगदी जवळून निघून जातो. ती तिथेच उभी आहे. त्याला ती दिसत नाही. तो व्हरांड्यातून लांब जात असताना चारू हातातली दुर्बीण डोळ्यांना लावते आणि नवऱ्याकडे बघते. तो वळतो, दिसेनासा होतो. तिचा हात खाली येतो. आणि कॅमेरा तिच्यापासून झटकन मागे सरतो.

आता जरा विचार करा. हेच संवादात लिहायचं झालं तर काय लिहिणार? ‘तुम्हाला माझ्यासाठी वेळ नाही’? ते वाक्य आपण शेकडो चित्रपटांत ऐकलंय. ते ऐकलं की आपण लगेच एका बाजूला उभे राहतो, बिच्चारी बायको आणि दुष्ट नवरा. इथे तसं होत नाही, कारण चारूने तक्रार केलेलीच नाही. उलट त्या दुर्बिणीत थोडी गंमतही आहे, खोडकरपणा आहे. पण काही क्षणांपूर्वी त्याच दुर्बिणीतून ती माकडवाला आणि छत्रीवाला बघत होती. म्हणजे नवराही आता त्याच रांगेत जाऊन बसला. रस्त्यावरून जाणारा एक माणूस. लांबचा, बघण्यासारखा, पण आपला नव्हे.

दुर्बीण खरं तर लांबची वस्तू जवळ आणण्यासाठी असते. इथे नवरा हाताच्या अंतरावरून गेला तेव्हा दुर्बिणीची गरज नव्हती. ती लागली कारण तो जवळ असूनही लांब होता. हे वाक्य आम्ही इथे उच्चारून दाखवतोय. चित्रपट ते उच्चारत नाही, आपल्याला स्वतःहून सुचू देतो. आणि जे स्वतःला सुचतं ते जास्त आत जातं.

‘लक्ष’ या शब्दापाशी

मराठीत एक छान शब्द आहे, लक्ष. ‘त्याचं माझ्याकडे लक्ष नाही.’ या एका शब्दात बघणंही आलं, काळजीही आली. आणि त्याचा उलटा शब्द दुर्लक्ष. दुर्लक्षाची अडचण अशी की त्याचा पुरावा देता येत नाही. कुणी मारलं तर वळ दाखवता येतो, कुणी टाकून बोललं तर शब्द सांगता येतात. दुर्लक्ष झालं तर दाखवायचं काय? नवरा सगळं देतोय, हौसमौज करतोय, मान देतोय. मग तक्रार कशाची?

आम्हाला वाटतं ‘चारुलता’तल्या अव्यक्त भावनेचं मूळ इथे आहे. चारू लाजाळू आहे म्हणून गप्प आहे, असं नाही. बाईने बोलू नये असा धाकही या घरात नाही. तिला जे होतंय ते सांगायला तिच्याजवळ वाक्यच नाही. जे तिला शब्दांत मांडता येत नाही ते मग चित्रपटाला दृश्यांत मांडावं लागतं. म्हणजे इथलं दृश्यकथन सजावटीसाठी आलेलं नाही. त्याच्याशिवाय ही गोष्ट सांगताच आली नसती.

म्हणूनच चित्रपटभर बघण्याचा हिशेब चालू आहे. कोण कुणाकडे बघतं, कोण बघत नाही, कोण बघतंय हे कुणाला कळतं. एकदा हा धागा हातात आला की पुढची दृश्यं उलगडत जातात.

बागेतला झोका

दुर्बीण पुन्हा येते ती बागेत. अमल चटईवर आडवा पडून लिहितोय. चारू झोक्यावर आहे, गुणगुणते आहे. इथे राय यांनी एक साधी पण फार परिणामकारक गोष्ट केलीय. कॅमेरा झोक्याबरोबर हलतो. त्यामुळे चारूचा चेहरा चौकटीत जवळपास स्थिर राहतो आणि मागचं सगळं जग झुलत राहतं. इतका वेळ बंद खोल्या, झडपा, व्हरांडे यांत अडकलेली बाई इथे पहिल्यांदा मोकळी झालीय, हे आपल्या डोळ्यांना जाणवतं.

मग ती दुर्बीण लावते. आजूबाजूची झाडं-पानं बघते. शेजारच्या घरात एक बाई तान्हं मूल घेऊन उभी आहे, ती दिसते. चारू तिथे जरा थांबते. मग दुर्बीण खाली आणते आणि अमलकडे वळवते. तो खाली मान घालून लिहितोय. ती बघत राहते. आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलतं.

काय बदललं? चित्रपट सांगत नाही. पण क्रम बघा. आधी आई आणि मूल, लगेच अमल. दोन दृश्यं शेजारी ठेवली की बघणारा त्यांच्यात नातं जोडतोच. संकलनाच्या व्याख्यानात आपण हे बघितलं होतं. आपल्या आयुष्यात काय नाही, आणि या माणसाबद्दल आपल्याला काय वाटू लागलंय, या दोन्ही गोष्टी चारूला एकाच वेळी लक्षात येतायत. आणि ते बघताना आपणही तिच्या बरोबरीने दचकतो. पहिल्या प्रसंगात दुर्बिणीने नवरा लांब गेला होता. इथे त्याच दुर्बिणीने दीर जवळ आला. वस्तू तीच आहे, अर्थ उलटा झाला.

दीर-भावजयीचं नातं आपल्याकडे कसं असतं ते मराठी श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. थट्टामस्करीला तिथे मुभा असते. बंगाली घरातही तसंच. चारू अमलला ‘ठाकुरपो’ म्हणते, म्हणजे आपल्या भाषेत भावोजी. या मोकळीकीमुळेच दोघांना फार उशिरापर्यंत कळत नाही की थट्टेची हद्द नेमकी कुठे ओलांडली.

वही, मासिक आणि रडणं

त्याच बागेच्या दिवसांत चारूने अमलसाठी एक वही तयार केलीय. अट एकच, यात लिहिलेलं छापायला द्यायचं नाही. म्हणजे ही दोघांची खासगी जागा आहे. अमल ती अट मोडतो आणि लेख मासिकात छापून आणतो. त्याला वाटतं आनंदाची बातमी आहे. चारूला वाटतं आपल्या दोघांचं होतं ते त्याने चव्हाट्यावर मांडलं. यावर ती त्याच्याशी वाद घालत नाही. ती स्वतः लिहायला बसते.

सुरुवातीला सुचत नाही. कागद चुरगळून टाकते. मग डोळ्यांपुढे लहानपणीचं गाव येतं. तिच्या चेहऱ्यावर एकात एक मिसळत जाणारी दृश्यं दिसतात, नदी, नावा, जत्रा. लेख होतो आणि अमलच्या मासिकापेक्षा नावाजलेल्या मासिकात छापून येतो. ती तो अंक घेऊन अमलकडे जाते, त्याच्या डोक्यावर आपटते. बघ, मलाही येतं, असा थाट. आणि पुढच्याच क्षणी त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडायला लागते.

हे रडणं कशाचं आहे? जिंकल्याचं की हरल्याचं? तिला लेखिका व्हायचं नव्हतं, तिला अमलशी बरोबरी करायची होती, आणि बरोबरी झाल्यावर लक्षात आलं की तेही नको होतं. हवं होतं ते निराळंच. अमलचे हात त्या क्षणी काय करतात ते पुढच्या वेळी बघा. त्याला तिला जवळही घेता येत नाही आणि दूरही करता येत नाही. त्या अवघडलेपणातून त्याला सगळं कळून चुकतं. या क्षणापासून पुढचा अमल थट्टा करणारा राहिलेला नाही.

आणि यातली सगळ्यात बोचरी गोष्ट म्हणजे बायकोने लेख लिहिलाय हे भूपतीला घरात कळत नाही. विलायतेत ग्लॅडस्टनच्या पक्षाने १८८० ची निवडणूक जिंकली म्हणून घरी मैफल आहे, आणि तिथे मित्राकडून त्याला हे समजतं. साता समुद्रापलीकडची बातमी या संपादकाला आधी कळते, वरच्या मजल्यावरची मागाहून. हा विरोधाभास चित्रपट अधोरेखित करत नाही. दोन गोष्टी एकाच संध्याकाळी घडतात, एवढंच.

शब्द एकाला, लागतात दुसऱ्याला

आपण न बोलण्याबद्दल बोलतोय, पण एक प्रसंग असा आहे की तिथे बोललं जातं आणि तरी खरं ते अव्यक्तच राहतं. उमापद पैशांची अफरातफर करून पळून जातो. भूपती कोसळतो. तो अमलजवळ मन मोकळं करतो. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण घरच्या माणसाने विश्वासघात करावा? मग भरवसा ठेवायचा तरी कुणावर, असा त्याचा सूर आहे.

भूपती बोलतोय मेव्हण्याबद्दल. कॅमेरा दाखवतो अमलचा चेहरा. प्रत्येक शब्द अमलला स्वतःबद्दलचा वाटतोय. भूपतीला याची कल्पनाही नाही. ज्याच्याजवळ आपण विश्वासाने बोलतोय त्याच्या मनात काय चाललंय, हे त्याला दिसत नाही. पुन्हा तेच, लक्ष. तिकडे चारूने अमलकडून, काहीही झालं तरी जाऊ नकोस, असं वचन मागितलेलं आहे. अमल त्या रात्री चिठ्ठी ठेवून निघून जातो. एकाचा विश्वास राखायचा तर दुसरीचं वचन मोडावं लागतं, आणि यातलं काहीही त्याला कुणाला सांगता येत नाही.

घर हेही एक पात्र

जरा थांबून घराबद्दल बोलू. हे घर खरं नाही. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी ते स्टुडिओत उभं केलं. लांब व्हरांडा, एकापुढे एक दारं, झडपांच्या खिडक्या, भारी फर्निचर. खोल्यांची रचना अशी की एका खोलीतून दुसरीत, तिथून तिसरीत नजर जाते, आणि माणूस दारांच्या चौकटींत लहान लहान होत जातो. भूपती व्हरांड्यातून जाताना आपल्याला जे अंतर जाणवतं ते या रचनेमुळे.

छायालेखक सुब्रत मित्र यांचा प्रकाशही तसाच. ‘अपराजितो’च्या (१९५६) वेळी त्यांनी दिव्यांचा झोत थेट न टाकता पांढऱ्या कापडावरून परतवून घेण्याची पद्धत वापरली होती. त्यामुळे स्टुडिओतसुद्धा खिडकीतून येणाऱ्या दिवसाच्या उजेडासारखा मऊ प्रकाश मिळतो. या मऊपणाचा अव्यक्त भावनेशी जवळचा संबंध आहे. कडक प्रकाशात चेहऱ्यावर गडद सावल्या पडतात आणि हा चांगला, तो वाईट असा निवाडा आपोआप होऊ लागतो. या प्रकाशात चेहऱ्यावरचे बारीक बदल दिसतात आणि निवाडा आपल्यावर सोडला जातो.

रुमाल परत येतो

आता शेवटाकडे. अमल गेल्यावर भूपती आणि चारू समुद्रकाठी जाऊन येतात. वाळूवर बसून बोलतात. वर्तमानपत्र पुन्हा काढूया, राजकारण तुमचं इंग्रजीत, साहित्य माझं बंगालीत, असं चारू सुचवते. क्षणभर वाटतं, जमेल यांचं. भूपतीने पहिल्यांदा बायकोकडे नीट बघितलंय. आपण सैल होतो. घरी परततात तर अमलचं पत्र आलेलं असतं.

चारू एकटी असताना तो बांध फुटतो. ती रडते, अमलला उद्देशून विचारत राहते की न सांगता का गेलास. भूपती परत येतो आणि ते बघतो. कुणी कुणाला काही विचारत नाही. तो बाहेर पडतो, घोडागाडीत बसून नुसता फिरत राहतो. डोळे पुसायला खिशातून रुमाल काढतो. रुमालावर ‘बी’ अक्षर.

चित्रपटाच्या पहिल्या दृश्यातला हा रुमाल. तेव्हा तो भरताना बायकोचे हात आपण बघितले होते, भूपतीने बघितले नव्हते. एवढं भरतकाम करायला तिच्याकडे किती रिकामा वेळ आहे, हे तेव्हा त्याला समजायला हवं होतं. आता त्या रुमालात प्रेमही आहे, दुर्लक्षही आहे आणि उशीरही आहे. भूपती काही बोलत नाही. अशा वेळी गाडीत एकट्या माणसाने बोलायचं तरी कुणाशी?

मग तो घरी येतो. चारू दार उघडते, आत या म्हणते, हात पुढे करते. तो थांबतो. मग तोही हात पुढे करतो. दोन हात एकमेकांजवळ येतात आणि भेटण्याआधी चित्र थिजतं. मग एकेक स्थिर चित्र. हात. अर्ध्या उजेडातली चारू. अर्ध्या उजेडातला भूपती. दिवा घेऊन उभा असलेला नोकर. आणि शेवटी लांबून दोघं. पडद्यावर अक्षरं येतात, ‘नष्टनीड’.

थिजलेल्या चौकटीवर संपणारा हा पहिला चित्रपट नाही. फ्रान्स्वा त्रुफो यांचा ‘फोर हंड्रेड ब्लोज’ १९५९ सालीच तसा संपला होता. इथे मूळ कथेशी तुलना जास्त उपयोगी आहे. रवींद्रनाथांच्या कथेत भूपती म्हैसूरला निघतो, चारू मला न्या म्हणते, तो कचरतो, मग ये म्हणतो, आणि चारू एका शब्दात नकार देते. म्हणजे कथा शब्दावर संपते. साहित्याला ते शोभतं. राय यांनी तो शब्द काढला आणि त्याजागी दोन हातांमधलं अंतर ठेवलं. इतक्या वेळा ज्या अंतराबद्दल आपण बोललो, व्हरांड्याचं, दुर्बिणीचं, ते अंतर आता अगदी थोडं उरलंय. तेवढं थोडंसंच पार होत नाही. की होईल? चित्र थिजलंय, संपलेलं नाही. ते हात पुढे भेटणार नाहीत, असंही चित्रपट म्हणत नाही.

जास्त अर्थ काढतोय का आपण?

अशा विवेचनानंतर एक प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. रुमाल म्हणजे रुमाल असेल, दुर्बीण म्हणजे दुर्बीण. तुम्ही उगाच अर्थ चिकटवताय कशावरून नाही? याची कसोटी म्हणून आपण तीन साधे प्रश्न विचारू शकतो.

पहिला, ती वस्तू पुन्हा येते का? एकदाच आली तर योगायोग असू शकतो. दुर्बीण आणि रुमाल परत येतात, आणि ऐन मोक्याला येतात. दुसरा, परत आल्यावर तिचा अर्थ बदलतो का? नुसतं परत येणं पुरेसं नाही. नवऱ्याला लांब करणारी दुर्बीण दिराला जवळ आणते, हौसेने भरलेला रुमाल अश्रू पुसतो. तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा, ती वस्तू काढून टाकली तर काय बिघडतं? दुर्बीण काढा, आणि चारूला अमलबद्दल काय वाटतं हे तिच्या तोंडून वदवावं लागेल. मग तो चित्रपटच निराळा होईल.

या तीन प्रश्नांत न बसणारे अर्थ आपण सोडून द्यावेत. प्रत्येक दारात आणि दिव्यात प्रतीक शोधत बसलं तर चित्रपट बाजूला राहतो आणि कोडं सोडवणं तेवढं उरतं. आणखी एक. संथ चाल, लांबलेल्या जागा आणि मागे उदास बासरी, एवढ्याने भावना अव्यक्त होत नाही. ती नुसती अस्पष्ट होते. ‘चारुलता’तली शांतता अस्पष्ट नाही. कुठल्या क्षणी कुणाला काय कळलं हे आपण बोट ठेवून दाखवू शकतो, फक्त कुणी ते बोललेलं नाही.

मग दोष कुणाचा?

चित्रपट संपल्यावर आपल्याकडे बहुतेक वेळा हाच वाद रंगतो. भूपतीचा दोष, चारूचा की अमलचा? आपण जे बघितलं त्यावरून आम्हाला असं वाटतं की चित्रपट या प्रश्नाचं उत्तर टाळत नाही, तो प्रश्नच बदलतो. भूपती ‘सेंटिनेल’साठी जो वेळ देत होता तो वाईट कामाला देत नव्हता. चारूने कट केला नाही. अमलला कळलं तेव्हा तो निघून गेला. प्रत्येकाने आपापल्या जागी जमेल तितकं चांगलंच वागायचा प्रयत्न केला, आणि तरी घरटं मोडलं. हे मान्य करायला अवघड आहे. खलनायक असता तर आपण सुटलो असतो, कारण आपण काही खलनायक नाही. पण पुस्तक वाचत वाचत घरच्या माणसाच्या जवळून निघून जाणारा माणूस? आता पुस्तकाच्या जागी फोन आलाय, एवढाच फरक.

राय यांना या चित्रपटासाठी १९६५ साली बर्लिनच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा रौप्य अस्वल पुरस्कार मिळाला. आपल्या चित्रपटांत सगळ्यात कमी दोष याच्यात आहेत, असंही ते म्हणत. साठ वर्षांनंतरही तो जुना वाटत नाही, याचं एक कारण असं की संवाद काळाप्रमाणे जुने होतात, पण माणूस माणसाकडे कसा बघतो किंवा बघत नाही, ते फारसं बदललेलं नाही.

जाता जाता नेहमीप्रमाणे घरचा अभ्यास. चित्रपट मिळवा आणि पहिली सात मिनिटं दोनदा बघा. एकदा आवाजासह, एकदा आवाज पूर्ण बंद करून. दुसऱ्या वेळी फक्त एवढंच टिपून ठेवा की चारू कुणाकडे बघते आणि तिच्याकडे कोण बघतं. पहिली यादी बरीच मोठी होईल, दुसरीत काय येतं ते तुम्हीच बघा. पुढच्या वेळी आपण त्या याद्यांपासूनच बोलायला सुरुवात करू.